कंपनी बुडते, चिप डोळ्यातच राहते

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात डोळ्यात बसवायच्या एका चिपच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘अंधांना दृष्टी मिळाली’ अशा मथळ्यांनी ती बातमी जगभर फिरली. मथळा फुगवलेला असला तरी बातमी खरी होती. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून गेलेल्या ३८ वृद्धांना युरोपातल्या पाच देशांत ‘प्रिमा’ नावाची ही चिप बसवली गेली. वर्षभराने ज्यांची तपासणी झाली त्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं आधीपेक्षा लक्षणीय प्रमाणात वाचता येऊ लागली होती. २७ जण घरीसुद्धा अक्षरं, आकडे, शब्द वाचायला तिचा उपयोग करत होते. ज्या आजारात गेलेली नजर परत आणायचा आजवर कोणताच मार्ग नव्हता, त्या आजारातलं हे यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य करायला हवं.

पण या बातमीत एक गोष्ट फारशी आली नाही. ही चिप बनवणाऱ्या पॅरिसच्या ‘पिक्सियम व्हिजन’ कंपनीचं चाचणीतल्या माणसांचा पाठपुरावा चालू असतानाच दिवाळं निघालं होतं. जानेवारी २०२४ मध्ये ती अवसायनात गेली. वृद्धांच्या डोळ्यात चिप होती आणि ती बनवणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या ‘सायन्स कॉर्पोरेशन’ या कंपनीने प्रिमाचे हक्क विकत घेतले म्हणून चाचणी तडीस गेली, निष्कर्ष छापून आले आणि आपल्याला आनंदाची बातमी वाचायला मिळाली. ग्राहक मिळाला नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर कल्पनेने शोधायची गरज नाही. ते उत्तर जगातल्या साडेतीनशेहून अधिक माणसांच्या वाट्याला आधीच आलेलं आहे.

त्या माणसांबद्दल सांगण्याआधी ही चिप करते काय, ते थोडक्यात पाहू. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी असतात. त्यांच्यापुढे संदेश पोहोचवणाऱ्या पेशींचे थर असतात आणि तिथून सुमारे १० ते १२ लाख तंतूंची नस मेंदूकडे जाते. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणजे ज्याला सगळे ‘आर.पी.’ म्हणतात तो आनुवंशिक आजार असो, किंवा म्हातारपणी मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार असो, त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. पुढचे थर मात्र बऱ्याच प्रमाणात जिवंत राहतात. चिप मेलेल्या पेशींची जागा घेते आणि जिवंत थराला विजेचे बारीक झटके देऊन ‘इथे उजेड आहे’ असं सांगते. म्हणूनच काचबिंदूने नस सुकली असेल तर या चिपचा काही उपयोग नाही. मधुमेहाने पडदा फाटून निखळला असेल तरी नाही. ‘अंधांसाठी चिप आली’ असं म्हणताना नेमक्या कोणत्या अंधांसाठी, हे सांगायची जबाबदारी बातमी देणाऱ्याची असते. ती न पाळल्यामुळे किती घरांत खोटी आशा पेरली जाते, हे ज्यांच्या घरी अंध माणूस आहे त्यांना विचारावं.

आता ती साडेतीनशे माणसं. कॅलिफोर्नियातल्या ‘सेकंड साइट’ कंपनीने १९९८ पासून या कामाला वाहून घेतलं होतं. मूळचे पाकिस्तानातले डॉ. मार्क हुमायूं हे या यंत्रामागचे एक प्रमुख संशोधक. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांचा सर्वोच्च तंत्रज्ञान पदक देऊन गौरवही झाला. कंपनीच्या ‘आर्गस २’ या यंत्राला २०११ मध्ये युरोपात आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पडद्यावर चिकटवलेली ६० विद्युतबिंदूंची पट्टी, बुबुळाबाहेर पांढऱ्या भागाभोवती बसवलेली तारांची गुंडाळी, कॅमेरा असलेला चष्मा आणि कमरेला लावायचा छोटा संगणक, असा सगळा संच. नुसत्या यंत्राची किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ऐंशी लाख रुपये. शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा.

त्यातून दिसायचं ते प्रकाशाचे ठिपके, करड्या छटा, हालचाल. दार कुठे आहे, रस्त्याची कड कुठे संपते, समोर कुणी उभं आहे का, एवढं कळायचं. तेही आपोआप नव्हे. कॅमेरा चष्म्यावर असल्याने डोळे फिरवून उपयोग नसे, सतत मान फिरवून समोरचं दृश्य चाचपावं लागे आणि त्या ठिपक्यांचा अर्थ लावायला महिनोन्‌महिने सराव करावा लागे. ज्यांना डोळस माणसाच्या नजरेने हे क्षुल्लक वाटेल त्यांनी वीस वर्षांच्या काळोखानंतर खिडकीची चौकट कळण्याचं मोल काय असेल, याचा विचार करावा. अनेकांनी ते मोल जाणून हे यंत्र घेतलं आणि चिकाटीने ते वापरायला शिकले.

२०१९ मध्ये कंपनीने आर्गस बनवणं थांबवलं. डोळा वगळून थेट मेंदूत बसवायच्या नव्या यंत्रावर तिला लक्ष द्यायचं होतं. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांच्यापैकी अनेकांना हे कंपनीने कळवलं नाही. कुणाला ओळखीच्या प्रशिक्षकाकडून कळलं, कुणाला फोन उचलला जात नाही म्हणून कळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या तंत्रज्ञान नियतकालिकाने हा प्रकार सविस्तर उघडकीला आणला, तेव्हा जगाला त्याची खरी जाणीव झाली. एका वापरकर्त्याचा कमरेचा संगणक पडून फुटला, तर त्याला उत्तर मिळालं की आता दुरुस्ती नाही आणि बदली भागही नाही. शेवटी इतरांकडे पडून असलेला संच मिळवून त्याने आपली सोय केली. कुणाला दुसऱ्या आजारासाठी एमआरआय करायचा होता. डोळ्यात धातू आणि विद्युतयंत्र असताना तो कसा करायचा, हे डॉक्टरांनी विचारायचं कुणाला, तर उत्तर द्यायला जागेवर कुणी नव्हतं. काहींच्या डोळ्यातलं यंत्र साफ बंद पडलं. ते काढायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया आणि डोळ्याला पुन्हा धोका. म्हणून अनेकांनी ते तसंच राहू दिलं.

सेकंड साइट पुढे एका औषध कंपनीत विलीन झाली. जर्मनीतल्या ‘रेटिना इम्प्लांट’ या कंपनीची चिप सेकंड साइटपेक्षा वेगळ्या पद्धतीची होती, पडद्याखाली बसवायची, १५०० प्रकाशबिंदूंची. तीही कंपनी २०१९ मध्येच बंद झाली. पिक्सियमचं मी वर सांगितलंच. म्हणजे या क्षेत्रात सर्वांत पुढे गेलेल्या तिन्ही कंपन्या बाजारात टिकल्या नाहीत. संशोधक वाईट होते म्हणून हे घडलं नाही. मुळात रुग्ण थोडे, यंत्र महाग, विमा कंपन्या पैसे द्यायला नाखूश, आणि गुंतवणूकदारांना हवा असलेला परतावा पाच-सात वर्षांत येत नाही. या क्षेत्राचं अर्थकारणच असं आहे की कंपनी बुडण्याची शक्यता हा अपवाद नाही, नेहमीचा धोका आहे. तो धरूनच नियम करायला हवेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, शरीरात कृत्रिम वस्तू बसवणं नवं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत लाखो लोकांच्या डोळ्यात लेन्स बसतेच की. इथेच मुख्य फरक आहे. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचे कण गेले होते आणि डोळा त्या कणांना विरोध न करता शांत राहिला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. लेन्सचं सगळं बळ तिच्या मुकेपणात आहे. तिला बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, कॅमेरा नाही. बनवणारी कंपनी उद्या बंद झाली तरी आजीच्या डोळ्यातल्या लेन्सला त्याची खबर लागत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ सुरू करून ही लेन्स देशात बनवली, तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास असलेली किंमत काही डॉलरवर आली आणि गावोगावच्या शिबिरांत लेन्स बसू लागली. हे शक्य झालं कारण लेन्स ही एकदा बसवून विसरून जायची वस्तू आहे.

पडद्याची चिप तशी नाही. ती रोज बाहेरच्या यंत्राशी बोलते. चष्मा, संगणक, बॅटरी, तारा, सॉफ्टवेअर, ते बसवून देणारा तंत्रज्ञ, सराव घेणारा प्रशिक्षक या सगळ्यांची साखळी चालू असेल तरच डोळ्यातला तो बारीक तुकडा काही दाखवतो. साखळीतली एक कडी तुटली की तो शरीरातला कचरा होतो. म्हणून अशी चिप विकताना कंपनी वस्तू विकत नसते, ती आयुष्यभराची सेवा कबूल करत असते. आज मात्र जगभरचे नियम तिच्याकडे वस्तू म्हणूनच बघतात. परवाना देताना यंत्र सुरक्षित आहे का, उपयोगी आहे का, हे तपासतात. दहा वर्षांनी त्याची तार कोण देणार, हे विचारत नाहीत.

हे विचारता येतं आणि सोडवताही येतं, याचा दाखला पेसमेकरमध्ये आहे. हृदयात गेलेली तार आणि छातीच्या कातडीखालची डबी यांच्या जोडणीचं माप सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं वेगळं असायचं. नंतर त्याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. आज एका कंपनीची तार आत असताना दुसऱ्या कंपनीची डबी बसवता येते. डबीची बॅटरी संपली आणि मूळ कंपनी राहिली नाही, तर रुग्णाला हृदयातली तार उपटायची वेळ येत नाही. डोळ्याच्या चिपचं तंत्र अजून बाल्यावस्थेत असल्याने सगळ्या गोष्टींचं मानक आज ठरवता येणार नाही, हे मान्य. पण चिप आणि चष्मा यांच्यातली भाषा तरी खुली असावी, जेणेकरून दुसरा कुणी तोच चष्मा बनवू शकेल, एवढा आग्रह आजही धरता येतो.

हा आपला प्रश्न का, असं विचारलं जाईल. इथे तर या चिपा आलेल्याही नाहीत. माझ्या आत्येभावाला आर.पी. आहे. शाळेत असताना तो संध्याकाळी खेळायला येत नसे, कारण दिवेलागण झाली की त्याला दिसायचं बंद होई. जीवनसत्त्व कमी आहे म्हणून घरच्यांनी त्याला वर्षानुवर्षं गाजरं आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या. तिशीत नजर नळीतून बघितल्यासारखी आवळत गेली, चाळिशीनंतर ती नळीही विझत आली. त्याचे आईवडील नात्यातले. मामाच्या मुलीशी लग्न, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला हा आजार असतो असं धरतात. जिथे नात्यात लग्नं होतात तिथे प्रमाण जास्त असतं आणि दक्षिण भारतातल्या पाहण्यांत ते तसं आढळलंही आहे. पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत असा एक भाऊ, एक बहीण, एक काका असतो. चिपची बातमी आली की या घरांतला फोन वाजतो. ‘आपल्याकडे कधी येणार? किती पैसे लागतील? जमीन विकू.’ हे मी ऐकलेलं आहे. जो जमीन विकायला तयार आहे त्याला आधी सुरक्षित करणं हे सरकारचं काम आहे, कारण तो स्वतः कंपनीचा ताळेबंद तपासू शकत नाही.

शिवाय शरीरात बसवलेल्या वस्तूच्या बाबतीत आपण एकदा पोळलेलो आहोत. जॉन्सन अँड जॉन्सनच्या ‘डीप्यू’ या उपकंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. धातूवर धातू घासून त्याचे कण रक्तात जात होते. भारतात साधारण ४७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पुढाकार घेतला, पण केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली जाईपर्यंत २०१७ उजाडलं. तोवर बहुतेक रुग्ण कुठे आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नोंदवहीच नव्हती. ज्यांच्या शरीरात सदोष सांधा होता त्यांच्यापैकी बहुसंख्यांना शोधून सांगताही आलं नाही. आणि ही कंपनी तर बुडालेली नव्हती, जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक होती! भरपाई मागायला कुणी तरी समोर होतं. चिपवाल्या छोट्या कंपनीचं दिवाळं निघाल्यावर दाद मागायची कुणाकडे?

आपले कायदे इथे काय देतात? २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परदेशी उत्पादकाला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि आयातीचा परवाना त्या प्रतिनिधीला मिळतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांच्यावर टाकली आहे. पण जी चिप सदोष नाही, फक्त अनाथ झाली आहे, तिचं काय? आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत देणी फेडायचा जो क्रम आहे त्यात तारण ठेवून कर्ज देणारे वर असतात, सरकारची थकबाकीही रुग्णाच्या दाव्याच्या आधी येते. ज्याच्या डोळ्यात यंत्र आहे तो रांगेच्या शेपटाकडे. त्याच्याआधीच तिजोरी रिकामी होते.

म्हणून मला वाटतं, अशा प्रकारच्या, म्हणजे बाहेरच्या यंत्राशिवाय न चालणाऱ्या प्रत्येक रोपणाला परवाना देताना पैसे आधी बाजूला ठेवायला लावावेत. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे ठरावीक रक्कम एका स्वतंत्र न्यासात जमा व्हावी. कंपनीच्या खात्यात नव्हे, कारण खातं दिवाळखोरीत गोठतं. त्या रकमेतून कंपनी गेल्यावर सुटे भाग, दुरुस्ती आणि वेळ आली तर चिप काढायची शस्त्रक्रिया यांचा खर्च भागेल. खाण खणणाऱ्याकडून खाण बुजवण्याची आर्थिक हमी आधीच घेतली जाते. माणसाच्या डोळ्याला जमिनीइतकं तरी संरक्षण मिळावं.

पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ज्ञान. यंत्राचे आराखडे, सॉफ्टवेअरचा मूळ संकेत म्हणजे सोर्स कोड, चिप आणि चष्म्यातल्या संदेशांचं स्वरूप, एमआरआय करताना घ्यायची काळजी, हे सगळं एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे सीलबंद ठेवलं जावं. कंपनी चालू आहे तोवर ते कुणी उघडू नये. ती बंद झाली, किंवा तिने त्या यंत्राची सेवा थांबवली, तर ते आपोआप खुलं व्हावं. आपल्याकडे हे काम करू शकणाऱ्या संस्था आहेत. आयआयटी आहेत, एम्स आहे, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद आणि मदुराईचं अरविंद ही नेत्र रुग्णालयं आहेत. आर्गसच्या वापरकर्त्यांना सगळ्यात जास्त नडलं ते हेच. जगात चष्मा दुरुस्त करू शकणारे अभियंते होते, पण काय दुरुस्त करायचं याचा कागद त्यांच्या हातात नव्हता.

नोंदवहीबद्दल फार बोलायला नको, ती हवीच. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालतो. त्यालाच प्रत्येक रोपणाची, रुग्णाच्या संपर्कासह, नोंद ठेवायचं काम जोडता येईल.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप पैशाचा नाही, प्राधान्याचा आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे तीनांतले दोन अंध एका साध्या शस्त्रक्रियेने बघू शकतात. अशा देशात चिपच्या नियमांवर शक्ती का घालवायची? हा आक्षेप मला पटतो आणि त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. सरकारी पैसा मोतीबिंदूवरच जावा. चिपसाठी सरकारने अनुदान द्यावं असं मी म्हणत नाही. पण चिप येणार ती सरकारी पैशाने नव्हे, मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबादच्या खासगी रुग्णालयांतून, जमीन विकणाऱ्यांच्या पैशाने. तिथे सरकारला खर्च नाही, फक्त नियम करायचा आहे. आणि मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते म्हणून आर.पी.वाल्याने मुकाट वाट बघावी, हा न्याय नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या अटी घातल्या तर कंपन्या भारतात येणारच नाहीत. जर्मनीतली रेटिना इम्प्लांट बंद होताना तिनेही युरोपातल्या कडक नियमांकडे बोट दाखवलं होतं. यात तथ्य आहे. अटींमुळे यंत्र महागेल, कदाचित दोन वर्षं उशिरा येईल, आणि ज्याची नजर रोज विझते आहे त्याच्यासाठी दोन वर्षं थोडी नाहीत. हा तोटा मी लपवत नाही. तरी मला तो पत्करावासा वाटतो. प्रिमाच्या चाचणीत १९ जणांना मिळून २६ गंभीर दुष्परिणाम झाले. डोळ्यातला दाब वाढणं, पडद्याला छिद्र पडणं, रक्तस्राव होणं, असे. त्यातले बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतले होते आणि आटोक्यात आले, कारण बाजूला तयारीचं पथक उभं होतं. अशा शस्त्रक्रियेसाठी जो माणूस ऑपरेशन टेबलवर झोपतो त्याने स्वतःच्या वाट्याची जोखीम घेतलेली असते. कंपनीच्या वाट्याची जोखीमही त्यानेच घ्यावी, ही अपेक्षा चुकीची आहे. आज नफ्याची आशा गुंतवणूकदारांकडे आणि बुडण्याचा धोका रुग्णाच्या डोळ्यात, अशी वाटणी आहे. ती बदलून जर काही कंपन्या मागे हटणार असतील तर त्यांचा हिशेब मुळातच रुग्णाच्या भरवशावर मांडलेला होता, असं समजावं.

आणखी एक बाब संमतिपत्राची. आज त्यात शस्त्रक्रियेचे धोके लिहिलेले असतात. ‘ही कंपनी बंद पडली तर तुमच्या यंत्राला सेवा मिळणार नाही आणि ते काढायचा खर्च तुम्हाला करावा लागेल’ हे वाक्य तिथे नसतं. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवून, तिथे असायला हवं. सोबत हेही सांगायला हवं की चिप बसली म्हणजे पांढरी काठी सुटत नाही. प्रिमा काळंपांढरं दाखवते, चष्म्यातल्या झूमच्या मदतीने अक्षरं मोठी करून दाखवते आणि ते बघायला मेंदूला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. काठी घेऊन चालणं, ब्रेल, मोबाइलवरचा बोलका वाचक, ही कौशल्यं चिपची वाट बघताना बाजूला ठेवली तर मधली वर्षं वाया जातात. माझ्या आत्येभावाने ती अशीच वाया घालवली; ‘आता उपाय निघेलच’ या आशेवर तो काठी हातात घ्यायला तयार नव्हता. आज तो मोबाइलवर बातम्या ऐकतो, बँकेचे व्यवहार करतो आणि एकटा एसटीने कोल्हापूरला जातो. हे त्याला दहा वर्षं आधी शिकता आलं असतं.

नियम करायला चिप यायची वाट बघावी लागणार नाही. ज्याला हीच अडचण लागू पडते असं रोपण आपल्याकडे आधीपासून आहे: कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट. केंद्र सरकारच्या दिव्यांग साहाय्य योजनेतून जन्मतः बहिऱ्या मुलांना ते मोफत बसवलं जातं. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं देशभराचं काम पाहते. शस्त्रक्रिया होते, मूल ‘आई’ म्हणायला शिकतं. मग काही वर्षांनी हमीचा काळ संपतो, कानामागचा प्रोसेसर बिघडतो, किंवा कंपनी सांगते की हे मॉडेल आता जुनं झालं. नवा प्रोसेसर काही लाखांचा. तार, बॅटरी, कॉइल यांचा खर्च दरवर्षीचा. ज्या बापाला पहिली शस्त्रक्रिया परवडणार नव्हती म्हणून सरकारने ती केली, त्याला हा खर्च कुठून झेपणार? मूल पुन्हा शांततेत जातं आणि कवटीतलं यंत्र तिथेच राहतं.

सरकार दरवर्षी हे संच मोठ्या संख्येने खरेदी करतं, म्हणजे वाटाघाटीची ताकद सरकारच्या हातात आहे. पुढच्या निविदेतच किमान पंधरा वर्षांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची हमी, त्यासाठी वेगळ्या खात्यातली ठेव आणि सेवा थांबल्यास तांत्रिक माहिती खुली करण्याची अट घालता येईल. यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही, निविदेच्या मसुद्यात चार कलमं वाढवावी लागतात. महाराष्ट्र सरकार आपल्या आरोग्य योजनांतून होणाऱ्या रोपणांसाठी ती आधी घालू शकतं. ही कलमं एकदा कानाच्या यंत्रासाठी लिहिली गेली की डोळ्याच्या चिपचा पहिला आयात अर्ज दिल्लीत पोहोचेल तेव्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर नमुना तयार असेल.